सकाळची घंटा

प्रिय लेकरा,

अनेक आशीर्वाद.

परीक्षेच्या अभ्यासासाठी घेतलेल्या लातूरच्या खोलीतल्या भिंतीवर तू चिकटवलेल्या वेळापत्रकाचा फोटो मिळाला. पहाटे चारला उठणे, कोमट पाणी, ध्यान, सूर्यनमस्कार, रोजनिशी, पाच गोष्टींचे आभार, मोबाइल बंद... अकरा नेम मोजले मी. खाली तू लिहिलंयस, ‘बाई, पाचव्या दिवशी सगळं मोडलं. माझ्यात जिद्दच नाही.’ ते वाचून चष्मा काढून ठेवला. जी पोरगी चौथीत असताना ओढा उतरेपर्यंत पलीकडच्या काठावर दप्तर छातीशी धरून बसायची आणि मग शाळेत यायची, तिच्यात जिद्द नाही असं मला कुणी सांगू नये. तिनंसुद्धा.

मोडलं ते वेळापत्रक. का मोडलं ते मला कळतं, कारण माझंही एकदा मोडलं होतं.

तेहतीस वर्षं मी पहाटे पाचला उठले. लोक म्हणायचे, बाईंना शिस्त आहे. मलाही तसंच वाटायचं. निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत जाग आठवर गेली, आंघोळ बारावर. दुपारी गाढ झोप, रात्री आढ्याकडे बघत पडायचं. हे गेले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती, लेक पुण्याला. सलग दोन दिवस तोंडातून शब्द निघाला नाही, असंही झालं. सहा महिने मी स्वतःलाच बोल लावत बसले. मग एका सकाळी लांबून शाळेची घंटा ऐकू आली आणि पाय आपोआप खाटेखाली आले. तेव्हा उमगलं. माझी शिस्त त्या घंटेला टांगलेली होती. ती वाजायची म्हणून मी उठायची, चालायची, पन्नास लेकरांशी बोलायची.

मग नवी घंटा शोधली. घरपोच येणारा दुधाचा रतीब बंद केला. गावाच्या टोकाला एक गोठा आहे, तिथं सहाला धारा काढतात. किटली घेऊन मीच जाते. दूध आणलं नाही तर चहा नाही, त्यामुळं मनात नसलं तरी निघावंच लागतं. जाऊन-येऊन पस्तीस मिनिटं चालणं होतं. गोठ्यावरच्या माउलीशी बोलणं होतं. कोणत्या म्हशीनं पान्हा चोरला, कडब्याची पेंढी किती महागली, कुणाच्या लेकीला मुलगी झाली. येताना सूर्य समोर असतो. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं घड्याळ जुळतं आणि रात्री झोपही वेळेवर येते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अंगाला जरा श्रम होतील अशी हालचाल सांगते. माझी दुधाची फेरी तेवढी भरते. मी एकच सवय लावली, तिच्या पोटातून बाकीच्या निघाल्या.

आता तुझं. तुझा डबा सकाळी खोलीवर येतो, दारातच ठेवून जातात, आणि तू पुस्तकात डोकं घालून एकटी जेवतेस. तो डबा बंद कर. मेसवर जाऊन जेव. रोज त्याच वेळेला, त्याच मैत्रिणीबरोबर, येता-जाता पायी. अभ्यासाची अर्धी घटका जाईल. जाऊ दे. भूक ही अशी घंटा आहे जी कुणाला बंद करता येत नाही. तिला चालणं बांध, ऊन बांध, माणूस बांध. ते अकराही नेम भिंतीवरून काढून टाक.

२०१६ चा उन्हाळा तुला धूसर आठवत असेल. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत अख्खं शहर पाणी राखायला शिकलं. कुणी भिंतीवर संकल्प लिहिला नव्हता. मोठी बादली बाजूला पडली, हातात तांब्या आला. धुण्याचं पाणी आपसूक संडासाकडे गेलं. माझ्या घरी अजून पाहुण्याला आधी अर्धा पेला पाणी मिळतं, लागलं तर पुन्हा भरते. हातातलं भांडं बदललं की वागणं बदलतं, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मोबाइल सोड असं मी म्हणणार नाही, तुझे तास नि सराव परीक्षा त्यातच आहेत. चार्जर तेवढा उशापासून उचल आणि दाराजवळच्या बोर्डाला लाव. गजर वाजला की उठून जावं लागेल, आणि रात्री हात लांब केला तर तिथं काही नसेल.

चारचं खूळही सोड, पोरी. अभ्यासिकेतून साडेअकराला येतेस, बाराला अंग टाकतेस आणि चारला उठणार? तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. झोप कापणं म्हणजे पेरलेल्या रानात दुसऱ्या दिवशी कुळव घालणं. अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवरचा रात्री नऊचा चहाही बघ. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे दोन वाजता निम्मं अंगातच असतं. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. एवढं मात्र मी हट्टानं सांगते.

एकवीस दिवसांत सवय लागते असं तुला कुणीतरी सांगितलंय. त्यावर विसंबू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. प्रत्येकानं एक छोटी सवय निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली, जसं न्याहारी झाली की. अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारखं सोपं लवकर जमलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नव्हती. तुझा पाचवा दिवस चुकला होता, एवढंच. तेवढ्यावरून स्वतःत जिद्द नाही असं लिहायला नको होतंस.

एक गोष्ट मात्र सवयींच्या पलीकडची आहे, ती नीट वाच. झोप आठवडाभर लागत नसेल, अन्नावरची वासना गेली असेल, घरी तोंड कसं दाखवू, आपण नसलेलं बरं, असे विचार येत असतील तर त्यावर मेसवर जाऊन जेवणं पुरत नाही. तेव्हा १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलि-मानस सेवा आहे ती, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि मला कर, रात्रीचे कितीही वाजले असले तरी. परीक्षा दुसऱ्यांदा देतेस, तिसऱ्यांदाही देता येते. तुझ्या बापानं जमीन गहाण ठेवली हे मला ठाऊक आहे. त्याला लेक हवी आहे, हेही मला ठाऊक आहे. तो माझ्या ओट्यावर बसून रडलाय.

येळवसला, आपल्या वेळा अमावास्येच्या सणाला, सुट्टी काढ. अभ्यास बुडेल म्हणून गेल्या वर्षी आली नाहीस. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यांवरही शुकशुकाट असतो, सगळे शेतात असतात. तू एकटी खोलीत बसून काय वाचणार? भज्जी मी करते, आंबिलाचं मडकं तुझी आई घालेल, उंडे तू वळ.

तोवर रोज नको, रविवारी फोन कर. सातला. तेव्हा मी दूध तापवत उभी असते, गोठ्यावर काय काय झालं ते ताजं असतं. तू मेसला निघताना कर आणि पोचेपर्यंत बोल.

तुझी,
बाई