कर्ज साडेसत्तावीस लाख, गिऱ्हाईक पंचवीस लाखांचं

लालबागचे एक वाचक लिहितात: तीन वर्षांपूर्वी गुंतवणूक म्हणून नेरळला ३३ लाखांचा फ्लॅट घेतला. कर्ज २९.५ लाख, हप्ता २५,६००. आज २७.५ लाख बाकी आहेत आणि एजंट २५ लाखांचं गिऱ्हाईक आणतोय. ऑफिसातला मित्र म्हणतो, फ्लॅट 'अंडरवॉटर' आहे. विकू की थांबू? ६ लाखांची एफडी आहे.

मित्र बरोबर बोलतोय. मालमत्तेच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं की अमेरिकेत तसं म्हणतात. २००८ च्या मंदीत तो शब्द जगभर पोचला. ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचा शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क. शेअर त्या भावाखाली गेला तरी हाच शब्द वापरतात. पण तो ईसॉप सोडून दिला तर खिशातून काही जात नाही. फ्लॅटचा हप्ता मात्र दर महिन्याला जातोच.

३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. तुम्ही जवळपास तेवढी घेतलीत. शेजारी नवे टॉवर उभे राहिले की जुन्या फ्लॅटला भाव कोण देणार?

३३ लाख आता विसरा. वर्षाचं व्याज साधारण २.३४ लाख. भाडं ७,०००, त्यातून मेंटेनन्सचे २,००० गेले की वर्षाला ६०,००० हातात. म्हणजे थांबण्याची किंमत वर्षाला पावणेदोन लाख. २५ लाखांचा फ्लॅट दरवर्षी सात टक्के वाढला, तरच ना नफा ना तोटा. पनवेल-कर्जत लोकलमुळे भाव वाढेल, अशी आशा धरून बसू नका. तिचे पैसे बिल्डरने तुमच्याकडून आधीच घेतलेत.

मी विकीन. तुम्ही तिथे राहायला जाणार असता तर उलट सांगितलं असतं, कारण राहत्या घराचा आजचा भाव काय याने फारसा फरक पडत नाही. पण बायकोची नोकरी परळला, मुलांची शाळा इथेच. नेरळला कोण जाणार?

हप्ते थांबवून फ्लॅट बँकेला देऊन टाकायचा, हा मित्राचा दुसरा सल्ला मात्र कानाआड करा. अमेरिकेतल्या काही राज्यांत ते चालतं. इथे बँक सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) लिलाव करेल, उरलेली रक्कम तुमच्याकडूनच मागेल आणि सिबिल बिघडेल ते वेगळंच.

अडीच लाखांची तूट आणि दलाली एफडीतून भरा, पर्सनल लोन काढू नका. व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असेल तर मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड नाही. झालेला तोटा दीर्घ मुदतीचा आहे. रिटर्न वेळेत भरलंत, तर तो पुढची आठ वर्षं म्युच्युअल फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येईल. मात्र रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला, भाव सौद्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर खातं तोच विक्रीचा भाव धरतं, तेवढं सीएकडून तपासून घ्या.

आणि टोकन घेण्याआधी बँकेकडून कर्जबाकीचं पत्र आणि जमा कागदपत्रांची यादी मागवा. गिऱ्हाइकाची बँक पहिल्यांदा तेच विचारते.