दुर्मीळ जातींचे स्नोड्रॉप घरच्या बागेत कसे वाढवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर मँचेस्टरजवळ, बागेत साधा स्नोड्रॉप (गॅलॅन्थस निव्हालिस, थंडीत फुलणारं पांढऱ्या फुलांचं छोटं कंदझाड) दरवर्षी आपोआप फुलतो. म्हणून हौसेनं रेजिने-ओल्गे आणि प्लॅटिफिलस या दोन जाती आणून त्याच वाफ्यात लावल्या, आणि दोन वर्षांत दोन्ही गेल्या. काय चुकलं? आणि चार कंद पुण्याला आईकडे नेता येतील का?

गडबड थंडीत झालेली नाही, उन्हाळ्यात झाली. पानं पिवळी पडल्यापासून नवी मुळं फुटेपर्यंत कंद जमिनीत झोपलेला असतो, आणि ही झोप प्रत्येक जातीची वेगळी. रेजिने-ओल्गे मूळची ग्रीसची. 1876 साली तिथल्या टायगेटस डोंगरातल्या झाडांवरून तिचं वर्णन झालं आणि ग्रीसच्या राणी ओल्गाचं नाव मिळालं. तिकडे उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक असते. मँचेस्टरच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात तिचा कंद तळाकडून कुजतो. प्लॅटिफिलस याच्या अगदी उलट. ती कॉकेशसच्या उंच कुरणांतली, बर्फ वितळताना फुलणारी. तिच्या मुळांशी उन्हाळ्यातही गारवा आणि ओल लागते; मे-जूनमध्ये एक कोरडा पंधरवडा गेला तरी ती मागे पडते. एकाच वाफ्यात दोघींना सुखी ठेवणं शक्यच नव्हतं.

म्हणून नवीन कंद घेण्याआधी ती जात मूळची कुठली, आणि तिथला उन्हाळा ओला की कोरडा, एवढं बघा. एल्वेसी, प्लिकॅटस आणि वोरोनोवी या जाती थेट जमिनीत, पानझडी झाडाखाली, 8 ते 10 सेंमी खोल लावल्या की झालं. एल्वेसीला जरा जास्त ऊन द्या. रेजिने-ओल्गे, पेश्मेनी आणि फॉस्टेरी कोरड्या झोपेच्या. क्रास्नोव्ही आणि प्लॅटिफिलस ओल्या झोपेच्या, आणि माझ्या मते सगळ्यांत हट्टी. या दोघींकडे सर्वांत शेवटी वळा.

कोरड्या झोपेच्या जाती तुमच्या भागात कुंडीतच ठेवा. कुंडी मातीची, 12-13 सेंमी व्यासाची पण खोल. मिश्रण: जॉन इन्स नंबर 2 (तयार मिळणारं मातीयुक्त कुंडी-मिश्रण) दोन भाग, 4 ते 6 मिमीचं ग्रिट (बारीक खडी) एक भाग, पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) अर्धा भाग. कंद 6-7 सेंमी खोल, वर बोटभर ग्रिटचा थर. कुंडी कोल्ड फ्रेममध्ये (काचेचं झाकण असलेली बिनतापवलेली पेटी) ओलसर वाळूत गळ्यापर्यंत पुरून ठेवा. उघड्यावरची कुंडी हिवाळ्यात आरपार गोठते, उन्हाळ्यात भाजते; वाळू दोन्हीपासून वाचवते. पानं पूर्ण वाळली की कुंडीत पाणी घालणं बंद. मात्र 'कोरडी' म्हणजे भट्टी नव्हे. भोवतालच्या वाळूला महिन्यातून एक-दोनदा थोडं पाणी द्या, नाहीतर कंद सुरकुततो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा भरपूर पाणी द्या. त्याच पाण्यानं तो जागा होतो. रेजिने-ओल्गे आणि पेश्मेनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलतात, बहुधा पानांच्या आधी. नुसता दांडा आणि फूल वर आलं तर घाबरू नका.

ओल्या झोपेच्या जातींना पानांचं कुजकं खत (लीफ मोल्ड) दोन भाग, चिकणमातीयुक्त बागेची माती एक भाग, ग्रिट एक भाग. पाण्यातल्या झाडांसाठी जाळीदार टोपल्या मिळतात, त्यात कंद लावून टोपली भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीत जमिनीत पुरा. माती कधीच पूर्ण सुकू द्यायची नाही, आणि पाणीही साचू द्यायचं नाही.

सगळ्यांनाच फुलं संपल्यापासून पानं पिवळी होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी टोमॅटोचं द्रवखत, पाकिटावर सांगितलेल्याच्या निम्म्या तीव्रतेचं. नत्र जास्त असलेलं खत नको. पानं माजतात आणि मऊ पानांवर बुरशी लवकर बसते. पानांच्या गाठी मारणं किंवा हिरवी असतानाच कापणं तर विसराच. पुढच्या वर्षीचं फूल त्याच पानांवर पोसलं जातं.

कंद कधी घ्यावा? सप्टेंबरमध्ये पाकिटातून मिळणारे सुके कंद दुर्मीळ जातींसाठी टाळा, ते आतून वाळलेले असू शकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांसकट उपटलेले मिळतात, त्यांची मुळं तुटलेली असतात पण जात ओळखता येते. ओळख अशी पटवा: कोंब जिथून वर येतो तिथे निव्हालिसची दोन पानं समोरासमोर सपाट चिकटलेली असतात, एल्वेसी आणि वोरोनोवीत एक पान दुसऱ्याला कवेत घेतं, प्लिकॅटसच्या पानाच्या कडा मागे दुमडलेल्या असतात. बहुतेक जातींत आतल्या पाकळीच्या टोकाला खाच असते, क्रास्नोव्ही आणि प्लॅटिफिलसमध्ये नसते. या दोन नावांनी घेतलेल्या फुलात खाच दिसली तर दुकानदाराला पैसे परत मागा. सर्वांत चांगले म्हणजे जून-जुलैत काढलेले, ओलसर भुशात गुंडाळून आलेले झोपेतले कंद. विक्रेत्याला ते कुठे वाढवलेले आहेत हे विचाराच. गॅलॅन्थसच्या सगळ्या जाती 1990 पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. रानातून उपटलेला माल स्वस्तात घेण्यात काही शहाणपणा नाही.

एकच कंद असेल तर तो आधी वाढवा, मग जमिनीत प्रयोग करा. जूनमध्ये टणक कंद घ्या, तपकिरी साल आणि जुनी मुळं काढा, टोक जरासं छाटा. स्पिरिटनं पुसलेल्या पात्यानं कंद उलटा धरून तळव्यातून (मुळं फुटतात तो चपटा तळ) उभा काप घ्या: दोन, चार, आठ. प्रत्येक फाकेला तळव्याचा तुकडा आलाच पाहिजे, कारण नवे कंद तिथेच, कांद्यासारख्या पदरांच्या बेचक्यात धरतात. ज्या फाकेला तळवा नाही ती फेकून द्या. फाका बुरशीनाशकात बुडवून निथळा आणि ओलसर व्हर्मिक्युलाइटसोबत (पाणी धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) पिशवीत भरा. मूठ दाबली तर पाणी टपकायला नको. अंधारात 20 अंशांवर 12 आठवडे. आठवड्यातून एकदा बघून मऊ पडलेली फाक काढून टाका. एक सडकी सगळ्या पिशवीला लावते. साबुदाण्याएवढे कंद दिसले की फाकेसकट कुंडीत, वर सेंटीमीटरभर माती. फुलायला तीन-चार वर्षं. महागड्या कंदावर पहिला काप घालू नका, हात निव्हालिसवर बसवा.

बियांपासूनही येतात, पण बी ताजंच पेरायचं, आणि शेजारी दुसरी जात फुललेली असेल तर रोपं संकराची निघू शकतात.

कंद अचानक गायब होण्यामागे बऱ्याचदा नार्सिसस फ्लाय असते. मे-जूनमध्ये पानं वाळताना ही माशी कंदाच्या मानेशी अंडं घालते, अळी आतून सगळं खाते. ऊन पडणारी जागा तिला आवडते. एप्रिलअखेर ते जूनअखेर बारीक जाळी घाला, आणि वाळलेल्या पानांमुळे मातीत पडलेली भोकं बोटानं बुजवा. कंद बाहेर काढल्यावर मान दाबून बघा; मऊ लागली तर आत पाहुणा आहे. जानेवारीत कोंब खुजा आणि राखाडी बुरशीनं माखलेला दिसला, तर तो कंद भोवतालच्या मातीसकट कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये अजिबात नको.

आता पुणे. नको. मुळं धरून दांडा वर यायला जमीन महिनोन्‌महिने गार लागते, ती तिथे मिळत नाही; शिवाय साइट्सचा परवाना आणि वनस्पती आरोग्य तपासणी नसताना बॅगेतून कंद नेणं बेकायदा. आईंना त्याच कुळातली रेन लिली लावायला सांगा, पहिल्या पावसानंतर कुंडी फुलून जाते.