कृषी सल्ला : वाळवंटी उन्हात टोमॅटोचे जुने सरळ वाण

प्रश्न : टोमॅटोचे जुने पारंपरिक सरळ (म्हणजे संकरित नसलेले) वाण लावले आहेत. झाडे जोमदार आहेत, फुलेही भरपूर लागतात. पण ती देठाच्या गाठीतून पिवळी पडून गळतात. कोणती फवारणी करावी?

फवारणी करू नका. हा रोग नव्हे, उष्णतेचा परिणाम आहे. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रीचे 24 अंशांच्या वर राहू लागले की परागकण निकामी होतात. गळायच्या बेतातले एखादे फूल भिंगाखाली धरून पाहा. एरवी परागकोशांच्या पिवळ्या नळीच्या आत असणारा स्त्रीकेसर कडक उन्हाळ्यात बाहेर डोकावताना दिसतो. मग स्वतःचे पराग त्यावर पडतच नाहीत, आणि पडले तरी कोरड्या हवेत रुजत नाहीत. परागकण घडतात ते फूल उमलण्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी. म्हणून मध्येच दोन दिवस गारवा आला तरी लगेच फळधारणा होत नाही. अशा वेळी युरिया देण्याचा मोह आवरा. त्याने पाला वाढेल, फळ नाही.

खरा उपाय लागवडीच्या तारखेत आहे. तुमच्याकडे दिवसाचा पारा 35 अंशांवर कधी जातो ते पाहा आणि पहिले तीन-चार फुलोरे त्याआधी उमलतील असा उलटा हिशोब करा. दव गोठवणाऱ्या थंडीची भीती संपताच रोप शेतात गेले पाहिजे. म्हणजे बी त्याआधी सहा ते आठ आठवडे आडोशाला पेरायला हवे. रात्री थंडी पडली तर रोपांवर कापड टाका. उन्हाळ्याच्या शेवटी सावलीत रोपे तयार करून दुसरी लागवडही घेता येते, मात्र पुढची गोठवणारी थंडी पुरेशी लांब असावी.

वाण निवडताना नावाला भुलू नका. ब्रँडीवाइनसारखे मोठ्या फळाचे, उशिरा पिकणारे वाण चवीला उत्तम, पण वाळवंटात त्यांच्यावरच सगळी भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. अर्कान्सा ट्रॅव्हलर हा वाण उष्णतेत बऱ्यापैकी तग धरतो. लहान, चेरी प्रकारचे वाण तर सर्वांत शेवटपर्यंत फळ धरतात.

प्रश्न : फळ लाल न होता नारिंगीच राहते. बुडाशी काळा, चामड्यासारखा डागही पडतो.

फळाचे तापमान 30 अंशांच्या वर गेले की लाल रंग नीट तयार होत नाही. रंग फिरू लागताच फळ तोडून सावलीत पिकवा. काळ्या डागाचे कारण वेगळे आहे. जमिनीत चुना असूनही पाण्याच्या ओढाताणीत कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. एक दिवस तुंबवणे आणि चार दिवस कोरडे ठेवणे बंद करा. ठिबकने पाणी देऊन वाफसा टिकवा, बुंध्याभोवती 7 ते 10 सेंटिमीटर पेंढ्याचे आच्छादन घाला आणि 30 ते 40 टक्के सावलीची जाळी दुपारच्या उन्हाच्या बाजूने बांधा. खालची पाने छाटू नका, उघडी पडलेली फळे भाजतात. दुपारी पाने मान टाकतात म्हणून लगेच पाणी सोडू नका. सकाळीही ती तशीच लोंबत असतील तरच झाड तहानलेले समजा.

ठिबकच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरी खपली दिसली तर ते क्षार आहेत. अधूनमधून जास्त वेळ पाणी सोडून ते मुळांच्या खाली धुवून न्या. त्यासाठी निचरा चांगला हवा.

प्रश्न : बी घरचे धरता येईल का?

जरूर धरा, सरळ वाणाचा हाच मोठा फायदा आहे. पण सर्वांत मोठ्या फळाचे बी ठेवू नका. उन्हाचा पारा चढल्यावरही ज्या निरोगी झाडाने फळ धरले, त्याचे ठेवा. स्त्रीकेसर बाहेर आलेल्या फुलांत मधमाश्यांमुळे संकर होऊ शकतो, म्हणून बियाण्यासाठीच्या फुलोऱ्यावर उमलण्याआधीच पातळ कापडाची पिशवी बांधा आणि रोज सकाळी तो हलकेच हलवा. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसह दोन-तीन दिवस आंबवा, धुवा आणि सावलीत वाळवा.