वडिलांना ५१ व्या वर्षी हार्ट अटॅक आला, मी बारीक आहे तरी मला धोका आहे का? रोजच्या सवयींत काय बदलू?

तुम्ही लिहिलंय वय ३८, वजन ६४, हिंजवडीत आयटीत, वडिलांना ५१ ला अटॅक, दिवसाला दोन-तीनच सिगारेटी, जिमला वेळ नाही, पण बारीक आहे म्हणजे तसा सेफ ना. या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले, कारण हेच वाक्य आमच्या घरात कितीतरी वर्षं बोललं जायचं. माझे मिस्टर पाच फूट सात इंच, वजन ६१, लग्नातला कोट अजून अंगात बसायचा, सगळे म्हणायचे याला काय होतंय. ४७ व्या वर्षी अटॅक आला, दोन स्टेंट. त्याला आता नऊ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, सहकारनगरला राहते, घरचं स्वयंपाकघर माझ्या हातात आहे आणि या नऊ वर्षांत प्रत्येक तपासणीला मी सोबत गेलेय, प्रत्येक वेळी विचारत आलेय, त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच सांगते.

आधी बारीक असण्याचं. यावरचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, म्हणजे कागदावर दोघंही फिट. पण अंगातली चरबी मोजली तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ मध्ये त्यांनी दोघांचा फोटो आणि हे आकडे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले. आपल्याकडे हातपाय काडीसारखे असतात आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांच्या भोवती जमते, आणि तीच शुगर, कोलेस्टेरॉल बिघडवते. म्हणून वजनकाटा बाजूला ठेवा आणि शिंप्याचा टेप आणा. पँट बांधतो तिथे मोजायचं नाही, पँट पोटाच्या खाली असते, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही आपली भारतीयांची मर्यादा. मिस्टरांची तेव्हा ९४ होती, ६१ किलो वजनात!

दुसरं, वडिलांचं. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत झालं असेल तर डॉक्टर ते गंभीरपणे धरतात, म्हणजे तुमचं धरणारच. पण म्हणून नशिबात लिहिलेलंच आहे असं समजून बसू नका. ५२ देशांत इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास झाला होता, २००४ मध्ये आला, त्यात पहिल्या अटॅकचा साधारण ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सापडला: तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळं कमी खाणं, हालचाल नसणं, दारू. यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. त्याच अभ्यासातून हेही कळलं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ ला येतो, बाकी जगात ५९ च्या आसपास. म्हणजे ३८ ला विचारताय ते बरोबर वेळेत विचारताय.

आता सिगारेट, कारण तुम्ही "दोन-तीनच" लिहिलंय. हे "च" काढून टाका. वीस ओढणाऱ्याच्या तुलनेत दोन ओढणाऱ्याला धोका एक दशांश असेल असं आपल्याला वाटतं, पण हृदयाचं गणित तसं चालत नाही, दिवसाला एक सिगारेट ओढली तरी वीसवाल्याच्या जादा धोक्यातला जवळजवळ निम्मा धोका तुमच्या वाट्याला येतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला आणि रक्त गोठण्याला थोडा धूरही पुरतो. कमी करून भागत नाही, बंदच करावी लागते. आणि चांगली गोष्ट म्हणजे सोडल्यावर वर्षभरात तो जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. मिस्टरांची चार होती, सगळ्या ऑफिसखालच्या टपरीवर चहाबरोबर, म्हणून आधी टपरीचा चहा सोडला, चहा वर डेस्कवर मागवायला लागले, तेव्हा कुठे सिगारेट सुटली. तुमचीही टपरीशी बांधलेली असेल तर जागाच बदला. पाकिटावर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलेला असतो, तिथे बोलून मदत मिळते, लाजू नका. आणि सिगारेट सोडून तंबाखू किंवा मिश्री धरू नका.

आता माझा विषय, स्वयंपाकघर. इथे मी तुम्हाला एक पद्धत सांगते जी मला कुणी सांगितली नव्हती, हॉस्पिटलच्या डाएटिशियन बाई म्हणाल्या मीठ कमी करा, तेल कमी करा, मी म्हटलं आमच्याकडे कमीच असतं. खरंच तसं वाटायचं. मग एक दिवस मिठाचा नवा पुडा फोडला आणि त्यावर पेनने तारीख टाकली. जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी रोज ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. आम्ही घरात चौघं, म्हणजे रोज २० ग्रॅम, एक किलोचा पुडा ५० दिवस जायला हवा. आमचा २८ व्या दिवशी संपला. आणि यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड, बाहेरचं जेवण यातलं मीठ धरलेलंच नाही! त्या दिवशी मला खरं वाईट वाटलं, कारण दोन्ही वेळचं मीठ माझ्याच हाताने पडत होतं. तेलाचंही तसंच केलं. माणशी महिन्याला अर्धा लिटर असं आम्हाला सांगितलेलं, चौघांचे दोन लिटर, म्हणजे ५ लिटरचा डबा अडीच महिने जायला हवा, आमचा महिना-सव्वा महिन्यात संपायचा आणि दिवाळीत वेगळा यायचा. तुमच्या घरी जो कोणी स्वयंपाक करत असेल त्यांना फक्त तारीख टाकायला सांगा, भाषण देऊ नका, आकडा समोर आला की माणूस आपोआप विचार करतो.

मीठ एकदम कमी केलं तर घरात कुणी जेवणार नाही, आमच्याकडे पहिल्या आठवड्यात मुलगा ताट सोडून उठला होता. मग मी दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं कमी करत गेले आणि त्या जागी लिंबू, आमसूल, जिऱ्याची पूड, भरपूर कोथिंबीर. भाताच्या पाण्यात आणि पोळीच्या कणकेत मीठ घालणं बंदच केलं, ते कुणाला कळलंसुद्धा नाही. दोन-तीन महिन्यांत जीभ बदलते, आता बाहेरची भाजी आम्हाला खारट लागते. लोणचं ताटात वाढायचं नाही, बरणी टेबलावर ठेवायची नाही, ज्याला हवं त्याने उठून घ्यायचं. कमी सोडियमवालं मीठ दुकानात मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

तेलाला मी चमचा ठेवलाय, किटलीतून ओतायचं नाही. तळलेलं उरलेलं तेल परत परत तापवायचं नाही, त्यात नको ते तयार होतं. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी, २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांच्या आत आणलेत ही फार चांगली गोष्ट झाली, तरी सकाळच्या चहाबरोबर चार खाऱ्या ही सवय सोडाच, मैदा आणि तूपच ते. त्या जागी मूठभर शेंगदाणे किंवा भाजलेले फुटाणे. मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, पुण्यात राहून ते कुणी ऐकणार नाही, पण घरी मटकीची उसळ केली, वरचा कट अर्धा ठेवला आणि फरसाण मूठभरच घातलं तर तीच मिसळ चांगलं जेवण होते, उसळीत प्रोटीनही आहे आणि फायबरही. आठवड्यातून चारदा कुठलीतरी उसळ, रोज एक पालेभाजी, शेपू आवडत नसेल तर मेथी, चुका, काहीही, आणि रात्रीच्या तीन पोळ्यांऐवजी एक ज्वारीची भाकरी, हे आमच्याकडे नऊ वर्षं टिकलंय कारण हे आपलंच जेवण आहे, मंडईतून येतं, महाग पडत नाही.

चहाचा हिशोब करून बघा. पाच कप, दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, चाळीसएक ग्रॅम, आणि वरची साखर २५ च्या आत असावी असं म्हणतात. चहा ठेवा, साखर अर्धा चमचा करा.

जिमला वेळ नाही तर नका जाऊ. लंडनमध्ये १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली होती, दोघंही एकाच बसमध्ये, पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. नंतर त्यांनी युनिफॉर्मची मापं काढली तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या, आणि त्या नोकरीला लागल्यापासूनच मोठ्या होत्या, म्हणजे फरक थोडा आधीचाही होता, मॉरिस यांनी स्वतःच तो दाखवला. पण हालचालीचं महत्त्व त्यानंतर पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय. आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल असं चालणं, एवढंच सांगतात. ऑफिसात जिना, फोनवर बोलताना उभं राहून फेऱ्या, आणि दुपारी-रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, याने जेवणानंतरची शुगर कमी चढते. आम्ही तळजाई टेकडीवर जातो, रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या, थांबत थांबत. तुम्हाला बाणेर-पाषाण टेकडी जवळ पडेल. फक्त एक लक्षात ठेवा, चढताना छातीत दडपल्यासारखं होतंय आणि थांबलं की बरं वाटतंय असं झालं तर तो स्टॅमिना कमी असण्याचा प्रकार समजू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रात्री एकपर्यंत चालतात का? २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयासाठीच्या मुख्य गोष्टींत झोपही घातली, सात तास तरी हवी. आणि घोरत असाल, सकाळी उठून डोकं जड असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, घोरण्याच्या एका प्रकारात रात्रभर श्वास अडकतो आणि बीपी चढतं.

बीपीचं मशीन घरी आणाच, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-सिगारेट नाही, पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन रीडिंग, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या वर आली तर ते जास्त धरतात. तो कागद, कमरेचं माप आणि वडिलांचं ५१ वय घेऊन फिजिशियनकडे जा, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करा, आणि लिपोप्रोटीन-ए ही रक्तातल्या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एका कणाची टेस्ट आयुष्यात एकदा करायची असते ती विचारून घ्या, हे वाढलेलं असणं घराण्यातून येतं. त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली तर घाबरू नका, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मनाने बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. मिस्टरांनी एकदा तीन महिने बंद केली होती, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, परत होतं तिथे गेलं.

शेवटचं, आणि हे मला लिहायला जड जातंय. त्या रात्री मिस्टरांना दहा वाजता छातीत जड वाटायला लागलं, घाम आला, जबडा दुखत होता. आम्ही गॅस समजलो. ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली, रात्री दोनला स्वतः स्कूटर काढून निघाले होते, शेजाऱ्यांनी अडवून गाडीतून नेलं. चार तास गेले. हृदयाचा स्नायू रक्त न मिळता मिनिटामिनिटाला मरत असतो, तेवढा भाग आमचा गेला तो गेलाच, आज त्यांना दोन जिने सलग चढता येत नाहीत. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, थंड घाम, दम, बायकांमध्ये कधी नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा, असं काही मिनिटं राहिलं तर १०८ ला फोन करायचा आणि जिथे ईसीजी आणि अँजिओप्लास्टी (अडलेली रक्तवाहिनी उघडणं) दोन्ही होतं तिथे जायचं, स्वतः गाडी चालवायची नाही. तुमच्या घरात आई, बायको, जे कोणी असेल त्यांना ही लक्षणं माहीत आहेत का ते आज रात्री जेवताना विचारा. मला माहीत नव्हती.