कंबरेची जुनी दुखापत, वजनांचा व्यायाम आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

तुम्ही लिहिले आहे की आठ महिन्यांपूर्वी डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उभे राहत उचलण्याचा व्यायाम) मारताना कंबरेत कळ आली, डावा पाय पोटरीपर्यंत दुखू लागला, एमआरआयमध्ये कंबरेतल्या एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी फुगलेली आणि एल-५ एस-१ ची बाहेर आलेली निघाली, आणि आता ‘ऑपरेशन करा, नाहीतर वजने कायमची सोडा’ असे दोनच पर्याय तुमच्यापुढे ठेवले गेले आहेत. काही वर्षांपूर्वी अगदी हेच मलाही ऐकवले गेले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, तुमची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे हे एका जुन्या रुग्णाचे मत म्हणूनच वाचावे. गादी सरकणे म्हणजे काय, हे तुम्हाला एव्हाना पाठ झाले असेल. ते सोडून देतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून टाकली आहे: पायाचे दुखणे बरेच ओसरले असून आता त्रास आहे तो सकाळी कंबर आखडण्याचा. मायक्रोडिसेक्टमीत नसेवर दाबणारा गादीचा तुकडा काढतात, त्यामुळे तिचा भरवशाचा फायदा पायाच्या दुखण्याला होतो. नुसत्या कंबरदुखीबाबत तशी खात्री कोणी प्रामाणिक सर्जन देत नाही. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे सायटिका (नस दबून पायात उतरणारे दुखणे) असलेल्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम बराच आधी पडला, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली. याच्या उलट, चार ते बारा महिने पाय दुखतच राहिलेल्या १२८ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात शस्त्रक्रियेची बाजू स्पष्टपणे सरस ठरली. म्हणजे तुमचा पाय अजून ठणकत असता, तर मी तुम्हाला थांबा म्हटले नसते. पण कंबर आखडते म्हणून, किंवा जुन्या वजनाची डेडलिफ्ट परत मारता यावी म्हणून मणक्यावर सुरी चालवून घेणे मला अजिबात पटत नाही.

माझे खरे नुकसान केले ते मणक्याचे आजार विनाशस्त्रक्रिया बरे करण्याची जाहिरात करणाऱ्या एका केंद्राने. तिथे माझी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून ‘वय तिशीचे आणि मणका साठीचा’ असे सुनावण्यात आले. मला बूटसुद्धा काढायला सांगितले नाहीत, लगेच ट्रॅक्शनच्या (मणका यंत्राने ताणण्याच्या) पॅकेजांचे लॅमिनेट केलेले दरपत्रक समोर आले. निघताना हातात छापील कागद दिला: वाकू नये, भारतीय शौचालय वापरू नये, दोन किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये, दिवसभर पट्टा बांधावा. हे किती दिवस पाळायचे, ते त्या कागदावर कुठेही नव्हते. मग दळणाचा डबासुद्धा घरातल्यांनी उचलायचा, ३० किलोंच्या भरलेल्या सिलिंडरचे तर नावच नको, अशी अवस्था झाली. मांड्या आणि कुल्ल्यांचे स्नायू उतरले, कंबर अधिकच दुखू लागली, आणि तेच दुखणे पॅकेज वाढवण्याचे कारण म्हणून मला दाखवण्यात आले. उरलेल्या बैठकांचे पैसे मागितले तेव्हा काउंटरवरून डॉक्टरांकडे आणि डॉक्टरांकडून अकाउंट विभागाकडे पाठवणी झाली. ते पैसे काही परत मिळाले नाहीत, पण वजनाची जी धास्ती त्या कागदाने मनात बसवली, ती त्याहून महाग पडली.

नंतर ज्या सर्जनकडे गेलो, त्यांनी फिल्म बाजूला ठेवून बूट-मोजे काढायला लावले. आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला सांगितले, एका पायावर उभे करून टाच वारंवार उचलून घेतली, पायाचा अंगठा त्यांच्या बोटाविरुद्ध वर रेटायला लावला आणि घोट्यामागे हातोडी मारून पाहिली. टाचांवरची चाल आणि अंगठा यांवरून एल-५ ची नस कळते, चवडा आणि घोट्याचा झटका यांवरून एस-१ ची. शक्ती शाबूत असल्याचे पाहिल्यावरच त्यांनी फिल्मचे पाकीट उघडले. ही तपासणी न करता शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्याकडे, किंवा शस्त्रक्रिया करूच नका म्हणणाऱ्याकडे, माझ्या मते पुन्हा जाऊ नये. अमेरिकेत १९९४ साली कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय प्रसिद्ध झाले, त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली होती. नुसत्या अहवालाने घाबरू नका, ते यासाठीच.

आता वजनांबद्दल. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून उठल्यावर पहिला तास-दोन तास वाकून काही करू नये. पहाटेची जिम संध्याकाळवर न्यावी आणि, वडीलधाऱ्यांचा रोष पत्करून, सूर्यनमस्कारही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक आणि मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे कर्ल-अप, साइड प्लँक आणि बर्ड डॉग हे पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे तीन व्यायाम सुरुवातीला उत्तम आहेत, परंतु जन्मभर तेवढेच करत बसणे म्हणजेही भीतीच. डेडलिफ्टबाबत एक गोष्ट ट्रेनर सांगत नाहीत: मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्याने बार जमिनीपासून सुमारे २२ सेंटिमीटर वर राहतो, पण गल्लीतल्या जिममधल्या १० किलोंच्या लोखंडी प्लेट लहान असतात, त्यामुळे हलक्या वजनाला जास्त वाकावे लागते. खाली प्लेट आडव्या रचून बार गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका उचलून ठेवावा आणि तिथून सुरुवात करावी. दुखणे कंबरेपुरते राहून दुसऱ्या सकाळपर्यंत शमत असेल, तर मी वजन तेच ठेवतो. ते पायात उतरू लागले की त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवतो, मग ट्रेनर ‘अजून दोन मार’ म्हणत का असेना.

मात्र लघवी अडणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर यातले एकही वाक्य लागू नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

विम्याचेही पाहून ठेवा. अनेक पॉलिसींत गादी सरकण्याच्या उपचारांना २४ महिन्यांची प्रतीक्षा असते, आणि केसपेपरवर शिकाऊ डॉक्टरने सवयीने लिहिलेले ‘जुनी कंबरदुखी’ हे शब्द पुढे दावा नाकारायला पुरतात. दुखणे केव्हा सुरू झाले ते नेमके सांगून तसेच लिहून घ्यावे.

तुम्हाला सुचवलेली शस्त्रक्रिया मायक्रोडिसेक्टमी आहे की दोन मणके स्क्रूने जोडणारे फ्यूजन, हे तुमच्या मजकुरात नाही. ते कळवावे, फ्यूजन असेल, तर दुसऱ्या सर्जनचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका, असे माझे ठाम म्हणणे राहील.