बॉक्स मोरीच्या तळाच्या स्लॅबला सळई वर की खाली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: यावल तालुक्यात नाल्यावर आतून ३ × ३ मी. मापाची एका गाळ्याची बॉक्स मोरी (रस्त्याखालून पाणी नेणारी काँक्रीटची चौकोनी पेटी), स्लॅब आणि भिंती ३०० मिमी, वर रस्त्याच्या थरांसह १ मी. भराव, खाली अडीच मीटर काळी माती. स्टॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या दोन्ही कोपऱ्यांना पिन सपोर्ट (फिरू देणारा, पण जागा न सोडणारा आधार) देऊन मॉडेल केलं, तर तळाच्या स्लॅबला खालच्या बाजूने थोडीशी सळई येते आणि भिंतीच्या मध्यावर फक्त आतल्या बाजूने. ड्रॉइंग तसंच काढायचं का?

नका काढू. दोन चुका आहेत आणि दोन्ही मॉडेलमधल्या आहेत, स्टॅडच्या नाहीत. पहिली म्हणजे तुमची मोरी दोन खिळ्यांवर टांगलेली आहे. जमिनीवर ती पूर्ण बुडाने बसते आणि जमीन तळाच्या स्लॅबला खालून वर ढकलते. पिन दिल्यावर सगळं वजन त्या दोन कोपऱ्यांतून निघून जातं आणि तळाचा स्लॅब स्वतःच्या वजनाने खाली झोल खातो. म्हणूनच सळई खालच्या तोंडाला दिसते. प्रत्यक्षात मध्यावर ताण वरच्या तोंडाला असतो. दुसरी चूक म्हणजे एकच लोड केस, म्हणजे भारांची एकच जुळणी. भिंतीवरचा मातीचा दाब कायम पूर्ण मिळेल असं धरलंय.

हाताने केलेला हिशेब देतो, तुमचं मॉडेल दुरुस्त केल्यावर ताडून बघता येईल. आकडे एक मीटर लांबीच्या पट्टीसाठी आहेत, सुरक्षिततेचा फॅक्टर न लावता, आणि मोमेंट (वाकवणारा जोर) किलोन्यूटन-मीटरमध्ये. मध्यरेषेतली मापं ३.३ × ३.३ मी.

वरच्या स्लॅबवर भराव २०, स्वतःचं वजन ७.५, म्हणजे २७.५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. चालता भार आयआरसी ६ प्रमाणे, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांवरच्या भारांच्या संहितेप्रमाणे. ७०आर साखळीगाडी ७० टनांची, साखळीची लांबी ४.५७ मी., दोन्ही साखळ्यांची बाहेरून बाहेर रुंदी २.९० मी. भार ४५ अंशांत पसरतो असं धरलं तर लांबीत ४.५७ + २ × (१.० + ०.३) = ७.१७ मी. आणि रुंदीत २.९ + २ × १.० = ४.९ मी. ७०० भागिले या दोन्हींचा गुणाकार म्हणजे साधारण २०. इम्पॅक्ट, म्हणजे धावत्या गाडीच्या धक्क्याची वाढ, एवढ्या गाळ्याला २५ टक्के, पण भराव ०.६ मी. किंवा जास्त असला की निम्मा धरायचा, म्हणजे १२.५ टक्के. झाले २२.४. चाकांच्या ४० टनी बोगीचा आकडाही याच्या जवळपासच येतो, आणि शेजारी शेजारी धावणाऱ्या क्लास ए च्या (त्याच संहितेतल्या हलक्या गाड्यांच्या) दोन रांगा एवढ्या भरावाखाली त्याहून हलक्या पडतात. एकूण वरून ५० धरा.

भराव मीटरभर नसता, नुसता डांबराचा थर असता, तर हा हिशेब चालत नाही. तेव्हा चाक जवळजवळ थेट स्लॅबवर येतं, इम्पॅक्ट पूर्ण लागतो आणि परिणामी रुंदी (भार वाटून घेणारी स्लॅबची पट्टी) आयआरसी ११२ या काँक्रीट पुलांच्या संहितेच्या परिशिष्टाप्रमाणे काढावी लागते.

भिंतीवर दाब स्थिर अवस्थेचा धरायचा, कारण वरचा आणि खालचा स्लॅब भिंतीला हलू देत नाही. मुरुमाचा घर्षणकोन ३० अंश धरला तर गुणांक ०.५. वरच्या मध्यरेषेला ११.५, खालच्या मध्यरेषेला ४४.५. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १.२ मी. मातीइतका अधिभार म्हणजे सगळ्या उंचीभर आणखी १२. तळाखालून वर येणारा निव्वळ दाब म्हणजे वरचे ५० आणि भिंतींच्या वजनाचे १२.५, मिळून ६२.५. तळाच्या स्लॅबचं स्वतःचं वजन इथे घेत नाही, ते थेट जमिनीत जातं. जमिनीवरचा एकूण दाब मात्र त्यासकट ७० होतो.

आता दोन केस. पहिल्या केसमध्ये वर पूर्ण भार, बाजूंनीही पूर्ण दाब आणि अधिभार. वरच्या कोपऱ्यात ३९, वरच्या स्लॅबच्या मध्यावर २९, खालच्या कोपऱ्यात ४९, तळाच्या मध्यावर ३६. भिंतीच्या मध्यावर ११, ताण आतून.

दुसऱ्या केसमध्ये वर भार तोच, बाजूचा दाब निम्मा आणि अधिभार नाही. वरचा कोपरा २७, वरचा मध्य ४१. खालचा कोपरा ३६.५, तळाचा मध्य ४९. भिंतीच्या मध्यावर १३, आणि ताण बाहेरून.

बाजूची माती जेवढी कमी ढकलेल तेवढे स्लॅबचे मध्य महागतात आणि भिंत उलट्या बाजूला वाकते. म्हणून भिंतीला दोन्ही तोंडांना उभी सळई लागतेच. निम्मा दाब कुठून आणला, असं कोणी विचारेल. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि भिंतीपासून सुटते. त्याच दिवसांत केळीचे भरलेले ट्रक वरून जात असतात. ही केस कागदावरची नाही.

तुमच्या पिनच्या मॉडेलमध्ये पहिल्या केसला तळाच्या कोपऱ्यात जेमतेम ९ येतात. खरे ४९ आहेत. एवढ्याने प्रकरण समजावं.

तिसरी केस पाण्याची. आत पाणी तुडुंब आणि बाहेर माती कोरडी असली की भिंत बाहेरच्या बाजूला ताणात जाते, दुसऱ्या केससारखीच पण थोडी जास्त. उलट पूर ओसरल्यावर आत रिकामं आणि मागचा भराव भिजलेला असेल, तर खोलीच्या दर मीटरला दाब १० ऐवजी १५ ने वाढतो, म्हणजे दीडपट. त्यासाठी सळई वाढवण्यापेक्षा भिंतीत १०० मिमी पाइपाची पाझरछिद्रं मीटरभर अंतरावर ठेवा आणि मागे ६०० मिमी रुंदीचा खडी-वाळूचा फिल्टर भरा. छिद्र आहे पण मागे फिल्टर नाही, असं केलंत तर पहिल्याच पावसाळ्यात मुरूम वाहून रस्ता खचतो.

आधाराला पिनऐवजी स्प्रिंग द्या. सुरक्षित धारणक्षमता १०० किलोन्यूटन प्रति चौ.मी. असेल तर जमिनीचा स्प्रिंग गुणांक १०,००० किलोन्यूटन प्रति घनमीटरच्या आसपास धरता येतो. तळाच्या सभासदाचे दहा भाग केले तर मधल्या प्रत्येक नोडला (भाग जुळतात त्या बिंदूला) ३,३०० किलोन्यूटन प्रति मीटर आणि टोकाच्या दोन नोडना निम्मा. तो आकडा निम्मा करून आणि दुप्पट करून पुन्हा चालवा. मोमेंट फार हलत नसतील तर निश्चिंत राहा. बाजूला सरकू नये म्हणून एका नोडला आडवा आधार पुरतो. भूकंपाची तपासणी १० मी. गाळ्यापर्यंतच्या मोऱ्यांना आयआरसी ६ मागत नाही.

सळईकडे वळू. फॅक्टर मातीला आणि वजनाला वेगवेगळे असतात, पण सोपं पडावं म्हणून सरसकट १.५ लावतो: ४९ चे ७३ होतात. एम ३० काँक्रीट, एफई ५०० सळई, कव्हर ४५ मिमी, १२ मिमी सळईला परिणामी खोली (दाबातल्या तोंडापासून सळईच्या मध्यापर्यंत) २४९ मिमी. ताकदीसाठी सुमारे ७५० चौ.मिमी प्रति मीटर पुरते, म्हणजे १२ मिमी १५० वर. पण तेवढ्यात सेवाभाराला (फॅक्टर न लावलेल्या भाराला) सळईतला ताण २८५ मेगापास्कलच्या आसपास जातो आणि भेगेची ०.३ मिमी मर्यादा सांभाळणं कठीण होतं. १२ मिमी १२५ वर (९०५ चौ.मिमी) केलं की ताण २५० च्या आत येतो. आडवी वाटप सळई १० मिमी २०० वर.

जाडी ठरते ती शिअरने, म्हणजे कातरणाऱ्या जोराने. तळाच्या स्लॅबला भिंतीपासून एका परिणामी खोलीवर सेवाभाराचा शिअर ७८ किलोन्यूटन, १.५ लावून ११७. रिंगांशिवाय काँक्रीटची क्षमता या सळईला बरोबर ११७ च्याच जवळ येते, म्हणजे अगदी काठावर. तुमच्या जागी मी तळ ३५० मिमी करेन. कोपऱ्यात १५० × १५० चे हाँच (आतून भरलेले तिरपे कोपरे) द्या, त्यात १० मिमी तिरप्या सळया. स्लॅबमध्ये रिंगा घालून २० किलो सळई वाढवण्यापेक्षा ५० मिमी काँक्रीट परवडतं, आणि फिटरही शिव्या देत नाही.

ड्रॉइंगमध्ये कोपरा मोठ्या स्केलवर स्वतंत्र काढा. भिंतीची बाहेरची उभी सळई वरच्या स्लॅबच्या वरच्या तोंडाला वळून आत गेली पाहिजे, गाळ्याच्या निदान पाव भागापर्यंत. साइटवर ती सर्रास स्लॅबच्या खालच्या पातळीला कापतात, कारण वरून सेंट्रिंग लावायला अडचण होते. मग कोपऱ्यातले ३९ घ्यायला काहीच उरत नाही. वरच्या स्लॅबच्या मध्यावर त्यामुळे ६८ येऊ लागतात, आणि सळई असते ४१ ची. बाहेरून कोपऱ्याशी आडवी सरळ भेग दिसली की बहुतेक वेळा हेच कारण निघतं. तळाच्या स्लॅबची वरची जाळी चालून चालून दबते, तिच्याखाली खुर्च्या मीटरभर अंतरावर हव्यात. इथे २५ मिमी दबली तर दहा टक्के ताकद गेली.

आता काळी माती. तुमच्या मोरीचा दाब ७०. काळ्या मातीचा फुगण्याचा दाब १०० च्या वर सहज जातो, म्हणजे ती मोरीला उचलू शकते. त्यामुळे धारणक्षमता पुरते एवढ्यावर समाधान मानू नका. तळाखाली निदान एक मीटर काळी माती काढा, दोन्ही बाजूंना मीटरभर जास्त रुंद खोदा आणि मुरूम २०० मिमीच्या थरांत पाणी मारून रोलरने दाबा. त्यावर १५० मिमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट). अडीच मीटरपैकी उरलेली दीड मीटर खाली राहिली तरी तिच्यातला ओलावा फार बदलू नये, हा हेतू. खोदलेली काळी माती पुन्हा भिंतीमागे ढकलणं हा मात्र गुन्हा समजा. ठेकेदाराला ती फुकट पडते, पण फुगली की तुमच्या ०.५ गुणांकाला काहीच अर्थ राहत नाही.

गाळा एकच ठेवलात ते चांगलं. सातपुड्यातून उतरणारे नाले एका रात्रीत भरतात आणि सोबत केळीची खोडं, काटेरी झुडपं, गोटे घेऊन येतात. दीड मीटरचे दोन गाळे केले असते तर मधल्या भिंतीवर खोडं अडकून निम्मी मोरी तुंबली असती. पाणी मग भरावावरून जातं. खालच्या अंगाला फरशीच्या टोकाशी पाणी उडी मारून खड्डा करतं आणि मोरी मागून पोकळ होते. बॉक्स शाबूत आणि रस्ता वाहून गेलेला, असं त्यामुळेच दिसतं. म्हणून कट-ऑफ भिंत (पाण्याने बूड पोखरू नये म्हणून जमिनीत उतरवलेली) वरच्या अंगाला फरशीखाली २ मी. आणि खालच्या अंगाला २.५ मी. न्या, पुढे दगडांचं लवचिक अस्तर वर ३ मी. आणि खाली ६ मी. ही कलमं अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापली जातात.

काम बहुधा एप्रिल-मेमध्ये होईल, तेव्हा यावल-भुसावळ भागात पारा ४५ च्या पुढे जातो. काँक्रीट ओतताना ४० अंशांच्या खाली हवं, म्हणून पहाटे किंवा रात्री ओता, खडीवर पाणी मारून ती सावलीत ठेवा. वरचा स्लॅब घोटून झाला की लगेच ओली गोणपाटं आणि १४ दिवस पाणी. भिंतींना पाणी मारायचं राहतंच, त्यांनाही गोणपाट बांधा. पहिला जोड तळाच्या हाँचच्या वर घ्या, तो खरवडून, धुऊन मगच भिंत ओता.

भरावाची घाई सगळ्यात महागात पडते. वरचा स्लॅब पडायच्या आधी भिंतीमागे पूर्ण उंचीपर्यंत माती भरली, तर भिंत नुसती खालून धरलेली राहते आणि तिच्या बुडाशी ६० येतात, जिथे सळई ४९ ची आहे. त्यात मागे रोलर चालवला तर विचारूच नका. स्लॅब ओतून २८ दिवस झाल्यावर दोन्ही बाजूंना एकाच वेळी, २०० मिमीच्या थरांनी, दोन्हीकडच्या पातळीत ५०० मिमीपेक्षा जास्त फरक न ठेवता भरा. भिंतीलगतचा पहिला मीटर रोलरने नाही, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा.