त्याची लघवी तपासून घ्यावी का?

"मॅडम, त्याला न सांगता लघवी तपासता येईल का?" अकरावीतल्या मुलाच्या आईने बसल्या बसल्या विचारलं. मित्राच्या वाढदिवसाहून तो परतला तेव्हा तोंडाला बिअरचा वास येत होता. वडिलांनी दोन कानाखाली वाजवल्या होत्या, मोबाइल काढून घेतला होता. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न इतके पालक विचारतात की माझं उत्तर पाठ झालंय: चोरून तपासू नका. घरगुती किटवर परवाची बिअर बहुधा दिसत नाही, उलट सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी भलताच निकाल येऊ शकतो. आणि मुलाला कळलं, की तो पुढचं सगळं लपवायला लागतो.

मुलगा एकटा असताना बोलला. "पहिला ग्लास मी नको म्हटलेला. पण फार्महाउस गावाबाहेर, मी मित्राच्या बाइकवर गेलेलो. ते उठल्याशिवाय निघणार कसा? नुसतं बसून चिडवून घ्यायचं?" परत येताना बाइक चालवणारा प्यायलेला होता. मला त्या बिअरपेक्षा ती बाइक जास्त धोक्याची वाटली. २६ जूनला शाळाशाळांतून व्यसनमुक्तीची शपथ होते, पण रात्री अकराला घरी कसं यायचं हे त्या शपथेत नसतं.

मग आम्ही दोघांनी सरावच केला. हातात कोल्ड्रिंकचा भरलेला ग्लास ठेवायचा. कुणी आग्रह केलाच तर काय म्हणायचं, ते वाक्य त्यानेच निवडलं: "पप्पा दारातच वास घेतात." बापावर ढकललं तरी बिघडत नाही. कुणाला जास्त झाली तर त्याला कुशीवर झोपवायचं, एकटं सोडायचं नाही आणि हलवूनही उठत नसेल तर १०८. "झोपला की उतरेल" यावर विसंबायचं नाही.

वडिलांनी एक कबूल करायचं होतं: फोन आला की न्यायला जायचं, त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही, जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

"म्हणजे मी परवानगीच दिली की! त्यापेक्षा घरी माझ्यासमोर घेऊ दे थोडी."

परवानगी अजिबात नाही, पिणं बंदच. महाराष्ट्रात बिअरलासुद्धा वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, घरातल्या माणसालाही त्यात सूट नाही. एकदा प्यायला म्हणून मुलगा व्यसनी झाला असं मी मानत नाही. घरातून पैसे जायला लागले, एकट्याने पिणं सुरू झालं, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नये. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

गटारीच्या रात्री फोन आला. वडील स्कूटर घेऊन गेले आणि गप्प बसून त्याला घेऊन आले. हे त्यांना फार जड गेलं, असं आईने मला नंतर सांगितलं.

मुलाने जाता जाता आणखी एक सांगितलं होतं: पप्पांच्या शनिवारच्या बैठकीचा चखणा आणायला त्यालाच पिटाळतात. आता तो वडील स्वतः आणतात. शनिवारची बैठक चालूच आहे, आणि त्यावर आमचं बोलणंही.